हरणीसाठी केल्पी शोधताना

पहिला लॉकडाउन उठला आणि सिडनीची माणसं मोकाट सुटली. कुणी आधी केस कापून घेतले, कुणी वेंटवर्थव्हिलला जाऊन गरम डोसा खाल्ला, कुणी समुद्रावर जाऊन नुसतं उभं राहून आलं. मी कुत्रा शोधायला निघाले. तोही मेंढ्यांवर काम करणारा कुत्रा, आणि पाळायला नव्हे, तर माझ्या शिकारी कुत्रीला लावायला. आमच्या ओळखीच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे सरळ लिहून टाकलं. मग एकीने लिहिलं, "इंजिनिअर झालीस, इथवर आलीस, आणि शेवटी कुत्रीच?"

त्या 'शेवटी'चा मला इतका राग आला की निम्मा प्रवास मी त्या रागावरच केला.

मी जत तालुक्यातली, धनगराची मुलगी. आमच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, मेंढरं होती आणि मेंढरांबरोबर कारवानी कुत्री. लांब तोंडाची, खपाटीला गेलेल्या पोटाची, सशामागे सुटली की नजरेत न मावणारी. मी शिकले, पुण्यात नोकरी केली, लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर सिडनीच्या कॅसल हिलला येऊन पोचले. हे सगळं मी सांगते तेव्हा लोक 'धनगराची' या शब्दावर जरा थबकतात आणि 'इंजिनिअर'वर सुटकेचा श्वास सोडतात. माझ्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा संजय यांनी डोंगरापलीकडच्या मजी गावाच्या पुढे थोडी जमीन घेऊन ऑलिव्हची झाडं लावली. सशांनी पहिल्याच हिवाळ्यात रोपांच्या साली गोल कुरतडल्या आणि निम्मी बाग वाळवली. शेजारचे म्हणाले, विष घातलेली गाजरं टाक. मला विष नको होतं. ते ससा बघत नाही की घार बघत नाही. मी हरणीला आणलं. हरणी ग्रेहाउंड आणि डिअरहाउंडच्या मिश्र वंशातली, करड्या रंगाची, कमरेएवढी उंच. पळायला वारा. पण एकदा ससा दिसला की तिला मी ऐकू येत नाही, कुंपण दिसत नाही, शेजाऱ्याच्या मेंढ्या दिसत नाहीत. तारेत अडकून तिने दोनदा स्वतःला फाडून घेतलं होतं. मला हरणीचे पाय हवे होते आणि त्यावर ऐकणारं डोकं. असं डोकं फक्त मेंढ्यांवर दिवसभर राबणाऱ्या कुत्र्याकडे असतं. म्हणून पिल्लं अशा कुत्र्यापासून हवी होती. लॉकडाउन उठला आणि त्याच आठवड्यात हरणी माजावर आली. आता नाही तर पुढचे कित्येक महिने नाही, आणि पुढच्या वेळी रस्ते उघडे असतील याची खात्री कुणालाच नव्हती.

डोंगराच्या पलीकडे

बरोबर फिलू होती. फिलोमिना, मूळची वसईची, अकाउंटंट, गेली बारा-पंधरा वर्षं माझी मैत्रीण. कुत्र्यांना ती घाबरते. तरी आली. "घरात त्याच चार भिंती बघून माझे डोळे आंबलेत," म्हणाली. "आणि तू एकटी गेलीस तर कुणाशी तरी भांडून येशील." वाटेसाठी तिने केलेले फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव, आणि वाळवलेली सुकेळी होती, माझ्याकडच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. मागच्या सीटवर हरणी आडवी पसरली आणि तिचं तोंड पहिल्या वळणापासूनच फिलूच्या मानेपाशी.

इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यातल्या वणव्यांनी लिथगोकडचे डोंगर जळले होते. मैलच्या मैल काळी खोडं. पण आता त्या खोडांवर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवी लव फुटली होती. झाडाला फांद्या फुटायला वेळ नव्हता, म्हणून अंगभर पानं फुटली होती. फिलूने गाडी थांबवायला लावली. आम्ही दोघी त्या काळ्या-हिरव्या रानात उभ्या राहिलो. राखेचा वास अजून जमिनीत होता. आमच्याकडे वणवा गेला की पावसाची वाट बघतात. इथली झाडं वाट बघत बसली नव्हती.

पुढे एका छोट्या गावात बेकरीत शिरलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कुठून आलात?"

"कॅसल हिल."

"नाही, म्हणजे, मूळच्या कुठल्या?"

"ही वसईची, मी जतची," मी गावांची नावंच पुढे केली. "आणि दोघी आता इथल्या."

त्या विचारात पडल्या. तेवढ्यात फिलूने मीट-पाय, म्हणजे खिम्याची पेस्ट्री, खाल्ली, त्यातली मिरी घशाला लागली, आणि तिला जो खोकला सुटला! सिडनीहून आलेली बाई खोकतेय म्हटल्यावर बेकरीतली रांग एका क्षणात भिंतीला चिकटली. "मिरी! मिरी आहे!" फिलू डोळ्यांत पाणी आणून ओरडत होती. कुणाचाही विश्वास बसला नाही. आम्ही उरलेली पेस्ट्री कागदात गुंडाळून पळ काढला आणि गाडीत बसून इतक्या हसलो की हरणी भुंकायला लागली.

डबोजवळचा विजेता

ग्रेग नावाच्या माणसाशी मी फोनवर आधीच बोलले होते. त्याचे बॉर्डर कॉली जातीचे मेंढ्या वळवणारे कुत्रे या भागात नावाजलेले. घराच्या व्हरांड्यात स्पर्धांच्या फिती टांगलेल्या. त्याने आमच्यापासून अंतर राखून, टोपी मागे सारून, मोठ्या अभिमानाने ड्यूक नावाचा कुत्रा सोडला.

ड्यूक देखणा होता, यात शंका नाही. काळापांढरा, चकचकीत. मेंढ्या दिसताच तो पोटावर आला आणि सरपटत पुढे गेला, डोळे मेंढ्यांवर रोखून. नजरेने त्याने तीन मेंढ्यांना जागच्या जागी खिळवलं. फिलूच्या तोंडून "बाई गं!" निघून गेलं.

मी म्हणाले, "हा मला चालायचा नाही."

ग्रेगला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"याची नजर फार जड आहे. हा दबतो आणि बघत बसतो. मेंढी थांबते, ससा थांबत नाही. याची पिल्लं सशापुढे पोटावर पडून राहतील. मला डोकं वर ठेवून, लांबून वळसा घालून पळणारा हवा. आणि याचे केस लांब आहेत, आमच्याकडे गवताचे काटे फार."

हे मी बायका भाजी नाकारताना म्हणतात तसं सहज म्हणाले. ग्रेगचा चेहरा मात्र लाल झाला. "चाळीस वर्षं मी कुत्री तयार करतोय," तो म्हणाला. "तू सिडनीहून येऊन मला शिकवणार? आणि तुला सांगतो, वेगवान कुत्रीत मेंढ्यांचा कुत्रा मिसळलास तर मेंढ्या मारणारं जनावर पैदा होईल. ज्याला मेंढ्या कळतात आणि ज्याला पळता येतं, असं. या रस्त्यावरचा कुणीही शहाणा माणूस तुला कुत्रा देणार नाही."

"मग वेडा माणूस शोधते," मी म्हणाले.

गाडीत फिलू म्हणाली, "बघ, मी सांगितलं होतं भांडशील."

"हे भांडण नव्हतं. भांडले असते तर तुला कळलं असतं."

पण संध्याकाळी मोटेलमध्ये माझा ताठा जरा उतरला. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे जायचं होतं, त्यांचा मेसेज आला. कोविडमुळे सध्या कुणाला भेटत नाही, माफ करा. खरंच कोविड होता की ग्रेगचा फोन, मला कळायला मार्ग नव्हता. संजयचा फोन आला. मेलबर्नकडे रुग्ण पुन्हा वाढतायत, म्हणाला, परत ये, नाहीतर अडकाल. मी फोन ठेवला आणि हरणीच्या अंगावरचे तारेचे जुने व्रण चाचपले. खरं सांगायचं तर ग्रेगचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मलाही तीच भीती होती. वेग आणि अक्कल एकत्र आली की ती कुठे वळेल, हे पिल्लं मोठी होईपर्यंत कळत नाही.

"परत जायचं का?" फिलूने विचारलं.

"पश्चिमेला जायचं," मी म्हणाले. "रस्ता संपेपर्यंत प्रत्येक फाटकाशी विचारायचं."

फिलूने छातीवर क्रुसाची खूण केली आणि सकाळी गाडी तिनेच चालू केली.

लांब कुरणात

निंगन गावाच्या पुढे माती लाल होते. झाडं खुजी, आभाळ मोठं. गुलाबी-राखाडी काकाकुव्यांचे थवे तारांवरून उठत, पुन्हा बसत. दोन फाटकांवर नकार मिळाला. एका ठिकाणी तर बाई खिडकीतूनच "नो थँक्स, लव्ह" म्हणाली. मग रस्त्यावर पाटी दिसली: पुढे जनावरं आहेत, सावकाश जा. वळणावर मेंढ्याच मेंढ्या. डांबरी रस्ता आणि कुंपण यांच्यामधल्या रुंद गवताळ पट्ट्यातून, ज्याला इथे लांब कुरण म्हणतात, त्या चरत निघाल्या होत्या. मागे एक यूट, म्हणजे उघड्या हौद्याची गाडी, तिला जोडलेली जुनी कॅरव्हॅन, आणि पायी चालणारी, हातात काठी घेतलेली एक म्हातारी बाई.

मी गाडीतून उतरले. हे मी ओळखत होते. घरदार पाठीवर घेऊन, कळप पुढे घालून, दुसऱ्याच्या रानाच्या कडेकडेने चालणारी माणसं. ऑस्ट्रेलियात येऊन इतकी वर्षं झाली, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की इथेही धनगर आहेत.

बाईचं नाव मर्ल. सत्तरीची. तिने बुटाच्या टाचेने लाल मातीत एक रेघ ओढली. "दम्याची आहे मी. बोलायचं ते रेघेच्या पलीकडून."

आम्ही रेघेच्या पलीकडे बसलो आणि बोलण्याआधी मी सगळी दुपार बघत राहिले. मर्लजवळ तीन कुत्री होती. दोन माद्या आणि एक नर, काळा-तांबूस केल्पी, म्हणजे इथल्याच जातीचा मेंढ्यांचा कुत्रा, एक कान अर्धा तुटलेला. नाव स्पड. म्हणजे बटाटा. दिसायलाही तसाच. पण तो डोकं वर ठेवून काम करायचा. चार मेंढ्या फुटून डांबराकडे निघाल्या की लांबून वळसा घेऊन त्यांच्यापुढे जायचा, चावायचा नाही, नजर रोखून उभा राहायचा नाही, नुसता तिथे असायचा आणि मेंढ्या वळायच्या. तारेपाशी आला की वेग कमी करून फट बघायचा, मग निघायचा. एक लांबलचक मालट्रक धडधडत आला तेव्हा तो कळप आणि रस्ता यांच्यामध्ये स्वतः उभा राहिला. आमच्याकडे कुत्रं मेंढरं राखतं, हाकत नाही. हाकायचं काम माणसाचं. हा दोन्ही करत होता.

मग वारा फिरला आणि हरणीचा वास त्याच्याकडे गेला. स्पडने नाक वर केलं. आमच्या गाडीकडे बघितलं. अंगातून एक शिरशिरी गेलेली मला इतक्या लांबूनही दिसली. मर्लने शीळ घातली, आणि तो परत कामाला लागला.

"हाच," मी फिलूला म्हणाले.

"याचा कान तुटलाय," फिलू म्हणाली.

"कान काय पिल्लांना जाणार आहे?"

मी मर्लला सशांचं आणि हरणीचं सांगून स्पड मागितला, तिने मात्र साफ नकार दिला. "शिकारीसाठी? नाही. माझ्या कुत्रीची दोन पिल्लं एकदा रानडुकरं मारणाऱ्या पोरांना दिली. एक पोट फाटून मेलं, दुसऱ्याला काम येईना म्हणून झाडाला बांधून निघून गेले. तुम्ही शिकारीवाले कुत्री वापरता आणि टाकता."

"मी टाकत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांचे बाप मेंढरांमागे चालत नव्हते. माझा चालत होता." आणि मग मी बोलतच सुटले. दादा, आमची मेंढरं, रात्री त्यांना कोंडायची दोरीची जाळी, जिला आम्ही वाघर म्हणतो, शेतकऱ्याने खतासाठी रानात मेंढरं बसवायला केलेली बोलणी. म्हातारी झालेली कारवानी कुत्री आमच्याकडे मरेपर्यंत भाकरी खायची, हेही सांगितलं. मर्ल ऐकत होती. तिने तिची जाळी दाखवली, विजेची, बॅटरीवर चालणारी. मग म्हणाली, "गोष्टी छान सांगतेस. उद्या माझ्याबरोबर चाल. तुझी कुत्री मोकळी सोडून, कळपाच्या बाजूने. तिने मेंढीला दात लावला तर मी तिला गोळी घालीन. तो माझा हक्क आहे, हे तुला माहीत असेल."

"माहीत आहे."

फिलूने माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवला नाही, पण म्हणाले, "येते."

चालण्याचा दिवस

त्या रात्री आम्ही कॅरव्हॅनपासून लांब गाडीतच झोपलो. पहाटे गवत गोठून कुरकुरत होतं. मर्लने चहा केला आणि चॉप्स भाजले. मी ठेचा पुढे केला. तिने बोटभर घेतला, डोळे पुसले आणि पुन्हा बोटभर घेतला. फिलूने कागदी कपात आमचा मसाल्याचा चहा ओतून रेघेपलीकडे ठेवला आणि मर्लने तो उचलला. एवढी ओळख झाली होती.

मी हरणीचा पट्टा काढला. दुपारपर्यंत हरणी माझ्या गुडघ्याला चिकटून चालली. मेंढ्या तिच्या नाकासमोरून जात होत्या. ती बघत होती, बस. मला वाटलं, जिंकलं.

आणि कळपाच्या अगदी मधून एक मोठा ससा उठला.

हरणी गेली. थेट कळपातून. मेंढ्या पाणी फुटावं तशा दोन्ही बाजूंना फुटल्या. मर्ल ओरडली आणि यूटकडे धावली. बंदूक सीटमागे होती. मी तिच्या आधी पोचले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो!"

"नाही होणार! बघ आधी! ती मेंढीकडे बघतसुद्धा नाहीये!"

"बाजूला हो म्हणते!"

"आधी बघ!"

आमच्यामध्ये दीड मीटर सोडा, एक हातही अंतर नव्हतं. मर्लने मान वळवली. हरणीने वाटेत आलेल्या एका मेंढीवरून उडी मारली, तिला केसाचाही धक्का न लावता, आणि सशामागे कुंपणाकडे गेली. ससा तारेखालून निघून गेला. हरणी त्याच वेगात तारेवर आदळली.

तिचं ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

छातीची कातडी हातभर फाटली होती. मी स्वेटर काढून जखमेवर दाबला. मर्ल औषधांची पेटी घेऊन आली आणि माझ्या शेजारी मातीत गुडघे टेकून बसली. रेघ वगैरे कुणाच्या लक्षात नव्हती. मी हरणीचं डोकं धरलं, फिलूने, कुत्र्यांना घाबरणाऱ्या माझ्या फिलूने, तिचे मागचे पाय धरले, आणि मर्लने मेंढ्यांना टाके घालायच्या वाकड्या सुईने ती कातडी शिवली. तोवर स्पडने, कुणी न सांगता, दोन्हीकडे उधळलेला कळप गोळा करून पट्ट्यात आणून ठेवला होता.

शेवटची गाठ मारून मर्ल म्हणाली, "अजिबात अक्कल नाही हिला."

"म्हणूनच तर तुझा कुत्रा मागतेय!" मी ओरडलेच. रडत होते आणि ओरडत होते. "अक्कल असती तर एवढ्या लांब आले असते का मी?"

मर्लने माझ्याकडे बघितलं. मग ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि फिलू घाबरून म्हणाली, "आता हिला कोविड झाला की काय!" ते मी मर्लला इंग्रजीत सांगितलं. ती आणखी खोकली.

"मेंढीवरून उडी मारली तिने," मर्ल स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "एक मादी पिल्लू माझं. ती मी निवडणार. आणि जे पिल्लू तुला नको असेल ते झाडाला बांधायचं नाही. माझ्याकडे आणायचं."

"मला सगळी हवी असतील."

"तेही बघू."

दुसऱ्या दिवशी निंगनच्या जनावरांच्या डॉक्टरने टाके बघितले आणि काही बदललं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी हरणी तयार झाली. एक अडचण मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती: स्पड हरणीच्या निम्म्या उंचीचा. त्याने शिकस्त केली, पडला, पुन्हा उठला. शेवटी मर्लने आणि मी हरणीला रस्त्याच्या कडेच्या उतारावर खालच्या बाजूला उभं केलं, मी तिच्या टाक्यांखाली हात धरला, आणि बटाट्याला वरून जागा दिली. फिलू पाठ फिरवून काकाकुवे बघत होती. "झालं का?" असं दर मिनिटाला विचारत होती. आमच्या बाजूने जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मी त्याला हात केला.

मजीच्या पुढे

पिल्लं हिवाळा सरताना झाली. सात. तोवर व्हिक्टोरियाची सीमा बंद झाली होती, पण मर्लचा कळप आमच्याच राज्यात होता. वसंतात ती यूट घेऊन आली, अंगणात दिवसभर बसून पिल्लं बघितली आणि तुटक्या कानाच्या बापासारखी ठेंगणी, काळी मादी उचलून घेऊन गेली. दोन पिल्लं शेजारच्या शेतांवर गेली, मी माणसं पारखून दिली. एक फारच मठ्ठ निघालं. ते फिलूकडे आहे, तिच्या सोफ्यावर.

पुढच्या हिवाळ्यात सिडनी पुन्हा बंद झाली तेव्हा मी आधीच बागेत राहायला गेले होते. शेडमध्ये बसून ऑफिसचं काम करायचे आणि सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांना शिकवायचे. तिघी माझ्याकडे ठेवल्या होत्या. त्यांच्यातली गोदी मला सुरुवातीपासून आवडायची. आईचे पाय, आईची छाती, पण चालताना डोकं सारखं माझ्याकडे वळवणारी. तिला मी रोज शेजाऱ्यांच्या मेंढ्यांजवळून नेलं. ग्रेगचे शब्द मी विसरले नव्हते, आणि तिने एकदा जरी वाकडी नजर टाकली असती तर ते मी स्वतःहून कबूल केलं असतं. तिने टाकली नाही.

एका संध्याकाळी ऑलिव्हच्या रांगेतून ससा निघाला. गोदी सुटली. वेग थेट आईचा, आणि पुढे कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे आमचीच दुसरी बाग. ससा तारेखालून गेला. मी शीळ घातली. गोदी तारेपासून दोन पावलांवर माती उडवत थांबली. अंग थरथरत होतं. तिने तारेकडे बघितलं, पलीकडे पळणाऱ्या सशाकडे बघितलं, आणि मग मागे वळून माझ्याकडे.

मी तिला परत बोलावलं नाही. पळत जाऊन तिच्यासाठी फाटक उघडलं.